एसीची नोकरी : कोरडवाहू आणि बारमाही

दहावीचा निकाल लागला की आमच्या वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातला एखाद-दुसरा मुलगा मला हमखास विचारतो की, एसी-फ्रिजच्या कामात नोकरी मिळते का. मिळते. पण कुठे शोधावी हे मला कोणी वेळेवर सांगितले नव्हते, आणि ते उमगेपर्यंत माझी दोन वर्षे वाया गेली. म्हणून हे जरा विस्ताराने लिहीत आहे.

नागपूरच्या एका आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगच्या ट्रेडला माझा नंबर लागला, तेव्हा बाबा शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) बसून म्हणाले होते, "घरोघरी कूलर हाये बापा. एसी कोन घेनार इथं?" मला त्यांचा राग आला होता. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, खस, पंप आणि पंखा. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे तेव्हा वाटे. दहावीनंतरच्या त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तांब्याची नळी कापणे, जोडासाठी तिचे तोंड पसरवणे (फ्लेअर), तापवून धातूने सांधणे (ब्रेझिंग), पंपाने आतली हवा आणि ओल काढून (व्हॅक्यूम) गॅस भरणे ही कामे हाताला लागली. शिकायचे राहिले ते इन्व्हर्टर एसीचे कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किट) दुरुस्त करणे आणि ग्राहकाशी बोलणे. ही उणीव शिकाऊ उमेदवारीत भरून निघते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर काम करता येते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते. मी मात्र ती संधी सोडली, कारण नागपुरातील एका ठेकेदाराने विद्यावेतनापेक्षा जास्त पगार कबूल केला होता. वीस वर्षांच्या मुलाला हातातले पैसे दिसतात, कागद दिसत नाही.

मार्च ते जून या चार महिन्यांत मी जेवढे काम केले तेवढे नंतर कधी केले नाही. दिवसाला सहा-सात तक्रारी, खांद्यावर सिलिंडर, आणि गच्चीवर पत्र्याशेजारी पश्चिमेच्या उन्हात तापत बसलेले एसीचे बाहेरचे युनिट, म्हणजे आऊटडोअर. विदर्भाच्या उन्हाळ्यात एक तक्रार ठरलेली असते : दुपारी एसी बंद पडतो आणि रात्री आपोआप सुरू होतो. बाहेर ४५-४६ अंश तापमान असताना त्या युनिटातल्या कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) उष्णता टाकायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) त्याला थांबवतो. अशा वेळी गॅस भरण्याची गरज बहुधा नसते. कॉइल धुवायची असते, मोटर सुरू करायला मदत करणारा कॅपॅसिटर तपासायचा असतो, संध्याकाळी व्होल्टेज किती उतरते ते पाहायचे असते. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आसपासच्या वस्तीत तर कापसाचे तंतू कॉइलवर गोधडीसारखे बसलेले मी पाहिले आहेत. ठेकेदाराचा मात्र आग्रह असे की, ग्राहकाला गॅस संपल्याचेच सांगावे. व्हॅक्यूम पंप वेळ खातो म्हणून तो गाडीतच राहायचा. नळीतली हवा आणि ओल तशीच ठेवून वरून गॅस भरला की तो एसी पुढच्या हंगामात पुन्हा आपल्याकडे येतो, आणि तेच त्याला हवे होते.

त्याच उन्हाळ्यात एका ग्राहकाने विचारले, "दीड टन वजन असेल तर स्लॅब पेलेल का?" मी हसलो खरा, पण टन म्हणजे नेमके काय हे मलाही नीट सांगता आले नाही. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीबाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. पुस्तकात हे वाचले होते, पण परीक्षा झाल्यावर विसरून गेलो होतो.

जुलैचा पहिला आठवडा पावसाचा गेला आणि ठेकेदाराने सांगितले की आता मार्चमध्ये या. जूनचा पगार "बघू" या शब्दावर राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी दुसरीकडे गेलो, तिथेही हंगाम संपताच हेच घडले. गावी परत येऊन डवरणीच्या मागे चालताना लक्षात आले की, मी शेती सोडून जे धरले तेही कोरडवाहूच होते. एकाला पाऊस लागतो, दुसऱ्याला ऊन लागते, आणि दोन्हींत उरलेले महिने कर्जावर काढावे लागतात.

मग मी एसीचा शोध सोडून दिला आणि गारवा बारमाही कुठे लागतो याचा शोध सुरू केला. तो आमच्याच भागात निघाला. दूध संकलन केंद्रावरचा बल्क कूलर, म्हणजे दूध गार करणारी मोठी टाकी घ्या. धारोष्ण दूध ३५ अंशांच्या आसपास असते, ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणावे लागते, आणि गाई-म्हशी हंगाम पाहून दूध देत नाहीत. मिरचीची शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने आहेत. तिथे बहुधा अमोनियावर चालणारी यंत्रणा असते, तिची गळती डोळ्यांना आणि फुप्फुसांना घातक असल्याने ते काम जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय कोणी अंगावर घेऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसींसाठीचे फ्रिज असतात. तिथले तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर जाऊन चालत नाही, आणि जास्त थंड झाले तरी काही लसी गोठून निकामी होतात, ही गोष्ट घरगुती फ्रिजवर हात बसलेल्या मुलांच्या ध्यानात येत नाही. एटीएमच्या खोल्यांतील एसीची देखभालही बहुधा वार्षिक ठेक्यावर चालते.

या जागांची जाहिरात क्वचितच येते. मी प्रत्येक ठिकाणी स्वतः गेलो, साहेबांऐवजी आधी प्लांट चालवणाऱ्या माणसाला भेटलो आणि देखभालीचा ठेका कोणाकडे आहे एवढेच विचारले. बहुतेकांनी चहा पाजला, काम दिले नाही. पण प्रश्न मात्र सारखेच विचारले गेले. जुन्या एसीतल्या आर-२२ गॅसच्या जागी नव्या एसीतला आर-३२ भरता येईल का? येणार नाही, दाब वेगळा, तेल वेगळे, आणि आर-३२ थोडा ज्वलनशीलही आहे. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-२२ हळूहळू बंद होत असल्याने जुन्या यंत्रात "जो मिळेल तो" गॅस ढोसणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रश्न आवर्जून विचारतात. शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र मात्र तीन ठिकाणी मागितले आणि तिन्ही ठिकाणी मला मान खाली घालावी लागली.

शेवटी हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत बोलावणे आले. तिथल्या इंजिनिअरांनी गॅसबद्दल एक शब्दही विचारला नाही. त्यांनी विचारले, "घरचा कूलर तुम्ही कधी बांधला आहे का?" मला वाटले थट्टा करताहेत. सातवीत असल्यापासून घरचा आणि शेजारच्या चार घरांचा कूलर मीच बांधत होतो, असे मी सांगितले. मग त्यांनी विचारले की मे महिन्यात तो गार हवा देतो आणि जुलैत का देत नाही. ४५ अंशांची कोरडी हवा ओल्या खशीतून गेली की पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते आणि हवा २८-२९ अंशांपर्यंत उतरते. पावसाळ्यात हवेतच ओल असल्याने पाणी उडत नाही, एवढे मला सांगता आले. सूत कोरड्या हवेत तुटते, म्हणून कताई खात्यात आर्द्रता राखणारा प्लांट वर्षभर चालवावा लागतो, आणि त्यातला एअर वॉशर (पाण्याच्या फवाऱ्यांतून हवा नेणारा भाग) म्हणजे तत्त्वाने एक अवाढव्य कूलरच आहे, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. आठ दिवसांनी रुजू झालो. पगार नागपूरच्या हंगामापेक्षा कमी आहे, पण तो बारा वेळा येतो.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते आमच्याच कूलरची खस बदलत होते.

"केवढा हाये तुमचा कूलर?"

"आपल्या घराएवढा."

"अन् खस?"

"खस नसते बाबा, पाण्याचे फवारे असतात."

"मंग तुले कायले ठेवलं?"

इथल्या जड पाण्याच्या क्षाराने आणि कापसाच्या तंतूंनी त्या फवाऱ्यांची तोंडे सारखी बुजतात, ती उघडायला.