काड्यांच्या पायांच्या गाई

माझी लेक चार वर्षांची झाली तरी तिला वही नाही, गृहपाठ नाही, अक्षरं गिरवणं नाही. तिकडे लातूरला भाचा तिच्याच वयाचा, तो शंभरपर्यंत अंक काढतो. वहिनीचा फोन आला की पोटात गोळा येतो. परवा टाम्पेरेतल्या बालवाडीत बैठक होती. फिनलंडमध्ये प्रत्येक लेकराची वेगळी योजना पालकांशी बोलून लिहितात. मी सरळ विचारलं, "लिहायला कधी घेणार?" बाई मला अंगणात घेऊन गेल्या.

तिथे लेकरं पाइनच्या शंकूंना काड्यांचे पाय खोचून गाई करत होती. इथला जुना खेळ आहे हा, आपले पोळ्याचे काळ्या मातीचे बैल असतात तसा. माझ्या लेकीची एक गाय तीनच पायांची, सारखी कलंडायची, आणि काड्या संपलेल्या. बाई शेजारी उकिडव्या बसल्या, पण काडी काही दिली नाही. "आता काय करायचं?" एवढंच विचारलं. लेकीने दुसऱ्या गाईचा एक लांब पाय उपसला, मोडला आणि दोघींना एकेक तुकडा लावला. दोन्ही गाई लंगड्या! मग बाकीचे पाय मोडून त्या मापाचे करायला बसली. प्रत्येक गाईचे पाय मराठीत मोजत होती, एक, दोन, तीन, चार. पाऊस भुरभुरत होता, तरी आत चला असं कुणी म्हणालं नाही. मोजणं, मापणं, चुकलं तर पुन्हा करणं, सगळं माझ्यासमोर चाललं होतं.

इथे शाळा सातव्या वर्षी. त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष २०१५ पासून सक्तीचं आहे, पण तेही खेळावरच चालतं.

मात्र हे ऐकून कुणी आपल्या अंगणवाडीताईंना नावं ठेवू नयेत, मला ते खपत नाही. इथे तीन वर्षांवरच्या सात लेकरांमागे एक मोठं माणूस लागतं, तसा नियमच आहे. आपली ताई वजनं घेते, आहार बघते, लसीकरणाला लेकरं गोळा करते, सर्वेक्षणं करते आणि त्यातून गाणी-गोष्टीही घेते. शिवाय खेळातून शिकवणं आपल्याला नवं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला, ते पानं, बिया, खडे घेऊनच. २०२० चं शैक्षणिक धोरणही लहान वयात खेळच सांगतं.

अडतं ते आपल्या, पालकांच्या घाईपाशी. लातूर पॅटर्नने शेतकऱ्यांच्या घरांतून डॉक्टर-इंजिनिअर काढले, त्याबद्दल मी वावगं ऐकून घेणार नाही. पण तो दहावी-बारावीचा. केजीच्या लेकराला तो कशाला? लिहून लिहून भाच्याची बोटं दुखतात, हे वहिनीनेच सांगितलं. वहिनी, यंदा पोळ्याला त्याला मातीत बसू दे, कपडे मळले तर मळू देत.

बाराखडी मात्र मी घरी रोज संध्याकाळी घेते, आणि बाईंनाही तसं सांगितलंय. इथल्या लेकरांना त्यांची भाषा दुकानात, बसमध्ये, पाटीवर भेटते. माझ्या लेकीला मराठी माझ्याकडूनच मिळणार. आजीने लिहिलेलं तिला वाचता आलं पाहिजे, त्यासाठी मी सातव्या वर्षाची वाट बघणार नाही.