20 मायक्रॉन ते मांजरपाट : आमची वाटचाल

बाबांनी 1998 साली कांदिवलीत चारकोपला गाळा भाड्याने घेतला आणि पिशव्या कापून सील करायचं एक सेकंडहँड मशीन बसवलं. प्लास्टिक फिल्मचे रोल बाहेरून यायचे, आमच्याकडून झबला पिशव्या निघायच्या. गिऱ्हाईक म्हणजे भाजीवाले, किराणावाले आणि दादरचे काही मिठाईवाले. जाहिरातीची गरजच नव्हती, मुंबईला पिशवी लागायचीच.

तेव्हा जाडी गेजमध्ये बोलायची पद्धत होती. 100 गेज म्हणजे साधारण 25 मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 1999 मध्ये केंद्राचा नियम आला की 20 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग बनवायची नाही. पण माल किलोवर विकला जायचा. फिल्म जितकी पातळ तितक्या एका किलोत पिशव्या जास्त, आणि भाजीवाल्याला तेच हवं असायचं. बाबांनी जाडी मोजायचं उपकरण, डायल गेज, घेतलं आणि प्रत्येक रोल आला की चार ठिकाणी मोजायला लागले. कडेला 22 आणि मध्यभागी 17 असा रोल सर्रास यायचा. तो परत पाठवला की व्यापारी म्हणायचा, "शेठ, मोजायला येतंय कोण?" खरंच, कित्येक वर्षं कोणी आलं नाही.

मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर नाल्यांतून निघालेल्या पिशव्यांचे फोटो सगळीकडे छापून आले आणि पुढच्याच महिन्यात राज्यात पिशव्यांवर बंदीची घोषणा झाली. पिशव्यांनी जाळ्या आणि नाल्यांची तोंडं तुंबतात, हे आम्हीही नाकारलं नाही. पण मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही ओहोटी असेल तर. ती 50 पर्यंत वाढवा असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड या पर्जन्यवाहिनी प्रकल्पाचा अहवाल 1993 पासून तयार होता. पुरानंतर त्यालाही वेग आला, फक्त नाला रुंद करायला दशक लागतं आणि पिशवीवर बंदी एका सहीने येते. 2006 च्या नियमांत बंदी सैल होऊन किमान 50 मायक्रॉन आणि 8 बाय 12 इंच यावर गाडी थांबली.

या 50 मागचा हिशेब मला सरकारी कागदात सापडला नाही. तो मला धारावीतल्या तेरा कंपाउंड या भंगाराच्या वस्तीतल्या एका दाणेवाल्याने, म्हणजे जुन्या प्लास्टिकचे दाणे करणाऱ्याने, समजावला. पातळ पिशवी ओली, वाळूने भरलेली. किलोभर जमवायला कचरावेचक बाईला किती वेळा वाकावं लागेल? म्हणून ती उचलतच नाही. जाड पिशवीला वजन आहे, वजनाला भाव आहे, म्हणून ती रस्त्यावर राहत नाही. शिवाय जाड पिशवी महाग, त्यामुळे दुकानदार ती फुकट वाटायला कचरतो. म्हणजे मायक्रॉनचा आकडा पिशवीच्या मजबुतीपेक्षा भंगाराच्या भावावर जास्त बेतलेला आहे. हे कळल्यावर पुढचा प्रत्येक नियम मी याच नजरेने वाचू लागलो.

गंमत अशी की महाराष्ट्र 50 वर होता आणि केंद्राने 2011 मध्ये 40 ठरवले. 50 वर यायला दिल्लीला 2016 उजाडलं. मधल्या काळात परराज्यातला पातळ माल रात्रीच्या टेम्पोने येत राहिला आणि कायदा पाळणाऱ्याची पिशवी महाग ठरली. 2011 च्या नियमात पिशवीचे पैसे घ्यायची अट होती. मॉलवाल्यांनी ती पाळली, भाजीवाल्याने हसण्यावारी नेली. 2016 मध्ये तर प्लास्टिक पिशवी देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून महिन्याला किमान 4000 रुपये भरावेत असं कलम आलं. आमच्या ओळखीत कोणी भरले नाहीत. मार्च 2018 मध्ये ते कलमच काढून टाकलं. चुकलेलं कलम मागे घेणं कमीपणाचं नसतं, पण त्याच महिन्यात राज्याने याहून मोठं पाऊल टाकलं होतं.

23 मार्च 2018 ची राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली तेव्हा आम्ही अगदीच गाफील नव्हतो. माझी बायको 2015 पासून पुस्तक प्रदर्शनं आणि सराफांसाठी मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घ्यायची. कापड इचलकरंजीचं, शिलाई मालवणी आणि गोराईतल्या बायकांची. आता जोडधंदा मुख्य धंदा झाला. हाताला धरायच्या प्लास्टिक पिशव्या कितीही जाड असल्या तरी बंद, त्यामुळे जाडीचा खेळच संपला. बाबांचं मशीन भंगारात काढलं. ते त्या दिवशी गाळ्यावर आले नाहीत, मीही बोलावलं नाही.

23 जूनला अंमलबजावणी सुरू झाली. महापालिकेने बाजार, परवाना आणि दुकाने या खात्यांतले निरीक्षक निळी जाकिटं घालून रस्त्यावर उतरवले. पहिला दंड 5000, दुसरा 10,000, तिसऱ्या वेळी 25,000 आणि तीन महिने कैद. वरळीला एनएससीआय क्लबमध्ये महापालिकेने पर्यायी वस्तूंचं प्रदर्शनही भरवलं. महिनाभर आमचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. भाव न विचारता लोक आगाऊ पैसे देत होते.

त्याच गडबडीत मी सिटीलाइट मार्केटात मासळीवाल्यांकडे कापडी पिशव्यांचे नमुने घेऊन गेलो. एका मावशींनी पिशवी हातात घेतली, उलटी करून शिवण ओढून पाहिली आणि त्यात चार ओले बोंबील टाकले. मिनिटाभरात तळ ओला, पाणी माझ्या चपलेवर. "दादा, ही तांदळाला दे. बोंबलाला पाणी सुटतं, ते कुठं धरू?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला डबा आणायला सांगा. त्या म्हणाल्या, "ऑफिसातून सुटलेली बाई डबा घेऊन फिरते होय?" नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किराणा होता, मासळी नव्हती, हे मला तिथे समजलं. अर्थात किराण्याचीही सोय नव्हतीच. आठवडाभरात सरकारला 50 मायक्रॉनवरच्या किरकोळ पॅकिंगला सूट द्यावी लागली, कारण सुटी डाळ कागदात बांधून चौथ्या मजल्यापर्यंत जात नाही. थर्माकोलच्या मखरांवर मात्र मुंबई उच्च न्यायालयाने त्या गणपतीत सवलत दिली नाही. दुधाच्या रिकाम्या पिशवीला 50 पैसे परत मिळणार होते. आमच्या इमारतीत तरी ते कोणी दिले नाहीत आणि कोणी मागितलेही नाहीत.

सगळ्यात जास्त भरडले गेले ते नॉन-वोव्हनवाले. ही पिशवी हाताला कापडासारखी लागते, पण असते पॉलिप्रॉपिलीनची. आमच्याच इस्टेटमध्ये तिघांनी कर्ज काढून ती मशीनं घेतली होती, प्लास्टिकला पर्याय म्हणून. 2018 मध्ये तीही बंद झाली. 2022 च्या शेवटी राज्याने 60 जीएसएमवरच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) नॉन-वोव्हनला परवानगी दिली, तोवर तिघांपैकी दोघांची मशीनं गेली होती. सरकार अनुभवातून शिकतं आणि नियम सुधारतं हे मला मान्य आहे. त्या शिक्षणाची फी छोटे कारखानदार भरतात, एवढीच नोंद करतो.

केंद्राने मात्र 2021 मध्ये जरा वेगळी रीत पाळली. मार्चमध्ये मसुदा, हरकतींसाठी मुदत, ऑगस्टमध्ये अंतिम नियम. पिशवीची किमान जाडी सप्टेंबरअखेर 75 मायक्रॉन, 2022 सरताना 120, आणि मधे 1 जुलै 2022 पासून स्ट्रॉ, काटे-चमचे यांसारख्या एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद. हे टप्पे आधी माहीत असतील तर कापडाची खरेदी, कारागिरांचं वेळापत्रक, बँकेशी बोलणं, सगळं जमवता येतं. तेव्हापासून मसुदा आला की आम्ही तो छापून घेतो आणि गाळ्यावर बसून सगळे वाचतो. शिलाईच्या सुपरवायझर ताईंच्या शंका सगळ्यात टोकदार असतात. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांबद्दल वाचताना त्यांनी विचारलं, "ही कुजते म्हणतात, पण आमच्या कुंडीत कुजेल का?" अशा बहुतेक पिशव्या औद्योगिक कंपोस्टिंगच्या उष्णतेत कुजतात, कुंडीत नाही. त्या आम्ही करत नाही. कोणी मागितल्या तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्या कारखान्याचा नंबर देतो.

आता आमच्या मालाबद्दलही बोलायला हवं. कापसाला पाणी लागतं, रंगाला लागतं. एकदा वापरून कपाटात कोंबलेल्या कापडी पिशवीने पर्यावरणाचं काही भलं होत नाही. लग्नाच्या ऑर्डरीत माणशी दोन पिशव्या मागणाऱ्यांना आम्ही एकच घ्या म्हणतो. काही ऐकतात, काही दुसरीकडे जातात. बाजारात जाळीसारख्या विरळ कापडाच्या स्वस्त पिशव्या आल्या आहेत. दुसऱ्या फेरीत बंद उसवतो आणि पिशवी जाते कचऱ्यात. 1999 च्या आधी झबल्याचं जे चाललं होतं तेच. आम्ही 140 जीएसएमच्या खाली शिवत नाही आणि बंदाला चौकटीची दुहेरी शिवण घालतो, म्हणून आमची पिशवी थोडी महाग पडते. कापडी पिशवी किमान किती जाड असावी याचा नियम माझ्या तरी पाहण्यात नाही. कधी मसुदा आलाच, तर त्यावर पाठवायचं पत्र ताईंकडूनच लिहून घेणार आहे.