डेडवूड आणि लीड : तीन मैलांवरची दोन गावं

सासऱ्यांना डेन्व्हरला येऊन तीन आठवडे झाले होते. बाबा तोफखान्यातून निवृत्त झाले. देवळालीला असताना गोल्फ शिकले आणि पंचाहत्तरी उलटली तरी आठवड्यातून दोनदा खेळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "अगं, एखाद्या जुन्या गावात जाऊ या. तिथे गोल्फ असेल तर उत्तमच," एवढंच ते म्हणाले. मी नकाशावर बोट ठेवलं ते साउथ डकोटातल्या डेडवूडवर. त्याच्या शेजारी, जेमतेम तीन मैलांवर लीड आहे, हे मला तेव्हा नीटसं ठाऊकही नव्हतं.

डेन्व्हरहून उत्तरेला हायवे ८५ धरला की तोच रस्ता सरळ या गावांत नेऊन सोडतो. सहा-साडेसहा तास लागतात. व्हायोमिंगमधला बराचसा प्रवास माळरानातून होतो. गवत, तारांचं कुंपण, मधूनच पळणारी हरणं, बाकी काही नाही. न्यूकॅसल मागे पडलं की क्षितिजावर एक काळपट पट्टा दिसायला लागतो. जवळ गेल्यावर कळतं की ती पाइनची झाडं आहेत. लांबून डोंगर काळे दिसतात म्हणून ब्लॅक हिल्स. इथल्या मूळ आदिवासींचं, लकोटा लोकांचं नाव 'पाहा सापा', अर्थ तोच.

डोंगरात शिरल्यावर पहिला थांबा शायएन क्रॉसिंगला घेतला. तीन रस्ते मिळतात तिथलं हे एक जुनं खाण्याचं ठिकाण. इथला इंडियन टाको खायचाच, असं नवऱ्याच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने बजावलं होतं. टाको म्हणतात, पण खाली असते ती फ्राय ब्रेड, आपल्या भटुऱ्याची सख्खी बहीण. मैद्याची, टम्म फुगलेली, कडेला कुरकुरीत आणि मध्ये मऊ. वर मांसाचा रस्सा, बीन्स, चीज, लेट्यूस, टोमॅटो. बाबांनी पहिला घास तोडला तोच पुरी तोडतात तसा, बोटांनी. ही फ्राय ब्रेड मूळ आदिवासींचं पारंपरिक अन्न नव्हे. त्यांना राखीव भागांत कोंडल्यावर सरकारी शिध्यात मैदा आणि चरबी मिळायला लागली, त्यातून ती जन्मली. हे कळल्यावर मी ती जरा सावकाश खाल्ली.

त्या संध्याकाळी आम्ही लीडमधून न थांबता पुढे गेलो आणि डेडवूडला उतरलो. गाव अरुंद घळीत आहे. मेन स्ट्रीट विटांची, दोन्ही बाजूंना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दगडी-विटांच्या इमारती. आत जावं तिथे स्लॉट मशिनांचा खणखणाट. हॉटेलच्या रिसेप्शनपर्यंत पोचायलाही मशिनांच्या रांगेतूनच वाट होती. मला जुगार आवडत नाही. पण दुसऱ्या दिवशी ॲडम्स म्युझियममध्ये गेल्यावर माझं मत थोडं बदललं. हे अख्खं गाव १९६१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झालं, तरी इमारती सांभाळायला पैसा नव्हता. १९८७ च्या डिसेंबरात मेन स्ट्रीटवरची एक मोठी इमारत जळाली आणि लोक हादरले. १ नोव्हेंबर १९८९ पासून इथे कायदेशीर जुगार सुरू झाला. नेवाडा आणि अटलांटिक सिटीनंतर देशात हे तिसरं ठिकाण. त्यातल्या उत्पन्नाचा वाटा जुन्या वास्तूंच्या जतनाला द्यायचा, अशी अट घातली गेली. त्यामुळे आज कॉर्निसपासून, म्हणजे छताच्या कडेच्या नक्षीदार पट्टीपासून, खिडकीच्या चौकटीपर्यंत सगळं जागच्या जागी आहे.

त्या पहिल्या रात्री जेवायला बाहेर पडलो. एका ठिकाणी टेबल राखून ठेवलेलं असूनही पाऊण तास उभं केलं, बाबांचे गुडघे दुखायला लागले, शेवटी तिथून निघालो. मग 'सलून नंबर १०' (इथे सलून म्हणजे दारूचा गुत्ता) च्या वरच्या मजल्यावर जेवलो आणि तिथे मात्र सगळं मनासारखं झालं. मी चिस्लिक मागवलं. मांसाचे लहान चौकोनी तुकडे तळून, मीठ लावून देतात, सोबत खारी बिस्किटं. साउथ डकोटाची खरी खासियत. बाबांनी बायसनचा स्टेक घेतला. बीफपेक्षा कमी चरबीचा, किंचित गोडसर, जास्त शिजवला तर वातड होतो, म्हणून वाढणाऱ्या मुलीने आधीच विचारून घेतलं.

खाली सलूनमध्ये जमिनीवर लाकडाचा भुसा पसरलेला असतो. उन्हाळ्यात तिथे वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाच्या खुनाचा प्रसंग करून दाखवतात. २ ऑगस्ट १८७६ ला तो पत्ते खेळत बसला होता. एरवी भिंतीला पाठ लावून बसणारा माणूस, त्या दिवशी ती खुर्ची मिळाली नाही. जॅक मॅकॉलने मागून डोक्यात गोळी घातली. हिकॉकच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या होत्या असं परंपरा सांगते. मूळ सलून १८७९ च्या आगीत गेलं, हे आजचं दुसऱ्या जागेवर आहे.

मला खरी गुंतवून ठेवणारी गोष्ट गोळीच्या पुढची. खाणकऱ्यांनी तिथल्या तिथे कोर्ट भरवलं आणि मॅकॉलला सोडून दिलं. पुढे त्याला पुन्हा पकडलं, यांक्टनला दुसरा खटला चालवला आणि १ मार्च १८७७ ला फाशी दिली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा चालला? कारण डेडवूडचं कोर्ट कायद्याने कोर्टच नव्हतं. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने हे डोंगर लकोटांचे होते. १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेला सोनं दिसलं, लोक घुसले, गाव उभं राहिलं, पण खुनाच्या दिवशी ते गाव दुसऱ्याच्या जमिनीवर होतं. सरकारने डोंगर काढून घेतले ते १८७७ मध्ये. १९८० साली सुप्रीम कोर्टाने ते गैर ठरवून भरपाई कायम केली. लकोटांनी आजवर तिला हात लावलेला नाही. व्याजासह ती रक्कम अब्ज डॉलरच्या वर गेली आहे. त्यांना पैसे नको आहेत, डोंगर हवे आहेत. आपल्याकडे धरणग्रस्तांच्या सभांना गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्फ. डेडवूडच्या दक्षिणेला हायवे ३८५ वर टॉमाहॉक लेक म्हणून नऊ होलचा कोर्स आहे. जंगल कापून काढलेल्या हिरव्या पट्ट्या, दोन्हीकडे उंच पाँडेरोसा पाइन. या झाडाची साल उन्हात तापली की तिला व्हॅनिलासारखा वास येतो. बाबा टी-शॉट मारायचे सोडून एका बुंध्याला नाक लावून उभे राहिले आणि मलाही बोलावलं. सालीचे नारिंगी-तपकिरी पापुद्रे, मधल्या भेगांमध्ये चिकट डिंक आणि तो वास. साईच्या दुधात व्हॅनिला घालतात ना, अगदी तसा.

मी खेळत नाही, ट्रॉली ओढते. उंचीवर हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. पहिल्या दोन होलना बाबांचे ॲप्रोच शॉट ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) ओलांडून मागच्या झाडीत गेले. तिसऱ्यापासून त्यांनी सातच्या जागी आठ नंबरचं आयर्न, म्हणजे चेंडू कमी लांब नेणारी काठी, काढलं आणि चेंडू ग्रीनवर थांबायला लागला. आमच्यासोबत एक स्थानिक गृहस्थ जोडीला दिले होते, सत्तरीचे, लीडचे. बाबांचा शॉट लागला की ते टोपी काढून मान झुकवायचे. सहाव्या होलवर ढग गडगडायला लागले. इथे उन्हाळ्यात दुपारकडे विजा येतात, तेव्हा झाडाखाली थांबायचं नाही. आम्ही तिघे गाडीत जाऊन बसलो. गारा पडल्या, अर्धा तास. त्या अर्ध्या तासाने आमच्या सहलीची दिशा बदलली.

ते गृहस्थ होमस्टेक खाणीत काम करत होते, ती २००२ मध्ये बंद पडेपर्यंत. १८७६ च्या एप्रिलमध्ये सोन्याची शीर सापडली, पुढच्या वर्षी खाणउद्योजक जॉर्ज हर्स्टने हक्क विकत घेतला आणि तिथून सव्वाशे वर्षं खाण चालली. खोली ८,००० फूट. एकूण सोनं सुमारे चार कोटी औंस. शिरेला खाणकरी 'लीड' म्हणायचे, तेच गावाचं नाव झालं. स्पेलिंग पाहून आपण 'लेड', म्हणजे शिसं, असं वाचतो. त्यांनी आम्हाला आधी तेच दुरुस्त करून दिलं. मग विचारलं, "काल तुम्ही आमच्या गावातून नुसते निघून आलात ना?" आम्ही हो म्हणालो. "सगळे तसंच करतात," ते म्हणाले, त्यात तक्रार नव्हती.

दुपारी लीडला गेलो. गाव चढावर आहे, घरं एकाच्या डोक्यावर एक. मेन स्ट्रीटच्या टोकाला ओपन कट. अर्धा मैल रुंद, हजार फुटांहून खोल खड्डा, पायऱ्या-पायऱ्यांचा, राखाडी, गुलाबी आणि गंजाच्या रंगाचा. जुन्या गावाचा एक भाग या खाणीपायी हलवावा लागला. ज्या सोन्यामुळे गाव वसलं त्यानेच ते खाल्लं.

खड्ड्यापासून थोड्याच अंतरावर होमस्टेक ऑपेरा हाउस. १९१४ साली कंपनीने खाणकऱ्यांसाठी बांधलं. हजार खुर्च्यांचं नाट्यगृह, वाचनालय, बोलिंग आणि पोहण्याचा तलाव, सगळं एका छताखाली. आमच्या गोल्फवाल्या सोबत्याने याच तलावात पोहायला शिकल्याचं सांगितलं होतं. १९८४ च्या एप्रिलमध्ये आग लागली आणि छप्पर कोसळलं. आता लोक हळूहळू ते परत उभं करत आहेत, आत पुन्हा कार्यक्रम होतात. नाट्यगृहाच्या भिंतीवर अर्धवट जळालेलं प्लास्टरचं नक्षीकाम तसंच ठेवलं आहे. गिलाव्याची फुलं डावीकडे पांढरी आणि उजवीकडे कोळशासारखी काळी. लहानपणी आमच्या गावच्या नाट्यगृहात पाऊस गळायचा, तरी नाटकाला खुर्च्या पुरत नसत. डेडवूडच्या मेन स्ट्रीटवरचे गोळीबाराचे खेळ छान बसवलेले आहेत, मुलं टाळ्या पिटतात. पण गाव म्हणजे काय ते मला या जळक्या भिंतीपाशी दिसलं.

आणि मग खाणीचं दुसरं आयुष्य. १९६० च्या दशकात रे डेव्हिस या शास्त्रज्ञांनी ४,८५० फूट खोलीवर एक लाख गॅलन ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची टाकी बसवली, सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ कशालाही न अडखळता आरपार जाणारे सूक्ष्म कण, मोजायला. अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडले. या कोड्याने भौतिकशास्त्राला तीस वर्षं झुलवलं. डेव्हिस यांना नोबेल मिळालं २००२ मध्ये, खाण बंद पडली त्याच वर्षी. आता तिथे सॅनफर्ड प्रयोगशाळा आहे. इलिनॉयमधल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतून १,३०० किलोमीटर जमिनीतून न्यूट्रिनोंचा झोत इथे पाठवायचा, अशा ड्यून प्रकल्पासाठी प्रचंड गुहा खोदल्या गेल्या. सुमारे आठ लाख टन दगड निघाला. तो पट्ट्यावरून रस्त्याच्या वरून नेऊन त्या ओपन कटमध्येच ओतला. प्रकल्पात भारतीय संस्थाही आहेत. व्हिजिटर सेंटरमध्ये हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण माझे मोठे काका कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) वर्कशॉपमध्ये होते. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या न्यूट्रिनोच्या प्रयोगाबद्दल ते आम्हा मुलांना सांगायचे. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा दिसले ते १९६५ मध्ये. कोलारच्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींमध्ये, जवळपास एकाच वेळी. दोन्हीकडे सोन्याचीच खाण.

कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. होमस्टेकच्या एकच वर्ष आधी. इथे बंद खाणीत नवी प्रयोगशाळा आली. कोलारचा प्रयोग तर खाण बंद होण्याच्याही आधी थांबला होता. मला ते बरोबर वाटत नाही, आणि ते सांगायला मी भौतिकशास्त्रज्ञ असायची गरज नाही.

ओपन कटच्या कठड्याला टेकून काकांना व्हिडिओ कॉल लावला. डोंबिवलीत पहाट होती, ते चहा घेत होते. कॅमेरा खड्ड्याकडे फिरवला. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी हात जोडून नमस्कार केला. काकांनी चष्मा वर केला, स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"किती खाली आहे गं त्यांची लॅब?"

"चार हजार आठशे पन्नास फूट, काका."

"आमची सात हजार सहाशेवर होती," ते म्हणाले आणि मग बराच वेळ नुसतं बघत राहिले. "जरा डावीकडे फिरव. अजून थोडं."