हेड काउंट बरोबर होता

2016 चा मे महिना, युरोप टूरचा दुसरा दिवस. मी टूर मॅनेजर, माझ्याकडे 47 पॅसेंजर. दुसरा दिवस मुद्दाम सांगतोय कारण पहिल्या दिवशी लोक वेगवेगळ्या फ्लाइटने येतात, जेटलॅगमध्ये असतात, रात्री जेवताना ओळखपरेड होते पण तेव्हा अर्धे पेंगत असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी टूर मॅनेजरला साताठ चेहरे पाठ असतात, बाकी नुसती डोकी. तिसऱ्या दिवसापासून कोणाला शुगर आहे, कोण खिडकीसाठी भांडतं सगळं कळायला लागतं.

त्या साताठ चेहऱ्यांत कल्याणचे काका होते. काका, काकू, कॉलेजातला मुलगा आणि बारावी झालेली मुलगी. काकांनी आमच्या कंपनीने दिलेला प्रोग्राम घरी परत टाइप करून लॅमिनेट करून आणला होता, गळ्यात आयकार्डसारखा लटकवलेला. सकाळी 7:30 ला बस निघणार होती, ती 7:34 ला निघाली तर चार मिनिटं कुठे गेली ते मला विचारलं. वाईट माणूस अजिबात नाही हो, पण निवृत्तीच्या पैशातून चौघांना आणलंय तर प्रत्येक मिनिटाला मजा आली पाहिजे असा हिशोब. ह्या लायनीतल्या कुणालाही विचारा, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो.

सकाळी लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरसमोर, म्हणजे तिथल्या पार्लमेंटसमोर, थेम्स नदीच्या समोरच्या काठावरून फोटो स्टॉप घेतला आणि निघालो स्टोनहेंजला, ते हजारो वर्षांपूर्वीचं मोठ्या दगडांचं वर्तुळ. ड्रायव्हर साठीतला इंग्लिश माणूस, मिश्किल. लॅम्बेथ ब्रिजजवळचं राउंडअबाउट आलं आणि ह्याने बाहेर पडायच्या ऐवजी अजून एक चक्कर मारली, परत एक मारली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मला लगेच कळलं. हे त्या सिनेमातलं राउंडअबाउट! 1985 चा 'नॅशनल लॅम्पून्स युरोपियन व्हेकेशन', ग्रिसवोल्ड कुटुंबाचा दुसरा भाग. बाप भाड्याची गाडी घेऊन ह्या गोलात शिरतो आणि त्याला बाहेरच पडता येत नाही, प्रत्येक फेरीला पोरांना बिग बेन दाखवतो, पार्लमेंट दाखवतो, शेवटी रात्र होते, बायको-पोरं गाडीत झोपतात आणि हा फिरतोच आहे.

हा सिनेमा मी टूर मॅनेजर झाल्यावर पाहिला, आमच्या एका सीनियरने सांगितलं होतं की ट्रेनिंग वगैरे सोड, हा बघ. खरं सांगायचं तर पहिला भाग जास्त चांगला आहे, 1983 चा, ज्यात ते अख्खी अमेरिका गाडीने पार करून थीम पार्कला पोचतात आणि ते बंद असतं. दुसऱ्या भागात फ्रेंच म्हणजे उर्मट, जर्मन म्हणजे मारामारी असले सोपे विनोद फार आहेत, मधे बराच भाग नुसताच आरडाओरडा. पण बाप एकदम करेक्ट पकडलाय. चेव्ही चेजने केलाय. तो मूर्ख नाही, त्याला फक्त सगळ्यांना मजा करायला लावायची आहे, आणि ती त्याच्या टाइमटेबलने.

मग काय, माइक हातात होताच, लोकही जागे होते, मी सगळी स्टोरी मराठीत सांगायला घेतली. टीव्हीवरच्या गेम शोमध्ये डुकराचे ड्रेस घालून युरोपची ट्रिप कशी जिंकतात, लंडनमध्ये तो बाप कोणाला तरी गाडीने उडवतो आणि तो जखमी इंग्रज माणूसच उलट माफी कशी मागत राहतो (तो एरिक आयडल, माँटी पायथन ह्या ब्रिटिश विनोदी ग्रुपमधला). आणि जर्मनीतला सीन. हे चौघं नातेवाईक समजून चुकीच्या घरात घुसतात, मिठ्या मारतात, घरातल्या म्हाताऱ्या नवराबायकोला एक शब्द कळत नाही पण ती बिचारी त्यांना जेवायला घालतात, झोपायला जागा देतात.

ह्या सीनला सगळ्यात मोठ्याने कल्याणचे काका हसले. "अशी कशी हो वेंधळी माणसं, एवढं कळत नाही? समोरचा माणूस आपला की परका?" हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

स्टोनहेंजला पोचलो तर धो धो पाऊस. तिथे बस दगडांपर्यंत जात नाही, व्हिजिटर सेंटरला उतरायचं आणि तिथून त्यांच्या शटलने सव्वा मैल पुढे जायचं. दगडांना हातही लावता येत नाही, दोरी बांधलेली आहे, 1978 पासून लोकांना आतल्या वर्तुळात असं सरळ सोडत नाहीत. सिनेमात बाप गाडी रिव्हर्स घेताना एका दगडाला ठोकतो आणि सगळे दगड एकामागोमाग एक पत्त्यासारखे पडतात, ह्यांना पत्ताच नाही, हे मजेत निघून जातात. काकांनी विचारलं, खरंच कधी पडलेत का हो? म्हणलं पडलेत की, 1797 मध्ये एक अख्खी कमान पडली, ती 1958 मध्ये क्रेन लावून परत उभी केली, मधे 1900 च्या 31 डिसेंबरला अजून एक पडला. आणि हे सगळं 1915 मध्ये लिलावात एका माणसाने 6,600 पौंडांना विकत घेतलं, सेसिल चब नाव त्याचं. असं म्हणतात की बायकोने त्याला लिलावातून घरातलं काहीतरी सामान आणायला पाठवलं होतं. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकलं. काकू पहिल्यांदा बोलल्या, "दिलंच असणार, घरात ठेवणार कुठे." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू तो चब त्यांचा मावसभाऊ.

पावसामुळे सगळ्यांनी रेनकोट घातलेले, आमच्याकडे मुंबईहून आणलेले पारदर्शक आणि तिथे दुकानात मिळणारे तसलेच. हुड डोक्यावर. पार्किंगमध्ये पांढऱ्या कोचेस उभ्या, त्यातल्या दोन एकाच कोच कंपनीच्या, काचेवर लावलेला ग्रुपच्या नावाचा कागद आतल्या वाफेने दिसेनासा झालेला. 12:30 ला मी बसमध्ये मागे जाऊन परत पुढे येत मोजले. 47. परत मोजले. 47. आमच्याकडे सीट रोटेशन असतं, रोज सगळ्यांनी दोन रांगा पुढे सरकायचं म्हणजे पुढच्या सीटवरून भांडणं नकोत, त्यामुळे आज कोण कुठे बसलंय हे शेजारच्यालाही माहीत नसतं. निघालो. लंडनकडे जाणाऱ्या A303 रस्त्याला लागलो, मी पॅक लंच वाटलं, पुरी-बटाट्याची भाजी, मागच्या चार जणांनी भाजी परत पाठवली. मला वाटलं, तब्येत असेल. आणि मनात असंही आलं, खोटं कशाला बोलू, की काका आज कसे शांत आहेत, झोपले वाटतं, देव पावला.

M3 हायवेला लागल्यावर मागून एक मावशी आल्या. "भाई, बाथ क्यारे आवशे?"

आमच्या ग्रुपमध्ये दोनतीन गुजराती फॅमिली असतातच, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. बाथ म्हणजे बाथरूम. म्हणलं, बहनजी बस पंधरा मिनिट, फ्लीट सर्व्हिसेस येतंय, म्हणजे हायवेवरचा थांबा. त्या समाधानाने जाऊन बसल्या. फ्लीट आलं, सगळे उतरले, मी कॉफी घेऊन उभा, तर त्याच मावशी बाहेर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आ तो बाथरूम छे. बाथ क्यां छे?" मागे त्यांचे मिस्टर, आणि अजून एक जोडपं. चौघांच्या गळ्यात बॅज. बॅज निळे. आमच्या टूरचे बॅज केशरी.

पोटात गोळा येतो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. बाथ शहर म्हणजे स्टोनहेंजहून बरोबर उलट्या दिशेला, तासाभरावर. मी पळत बसमध्ये गेलो, उरलेले चेहरे पाहिले, हॉटेलची रूमिंग लिस्ट काढून एकेक नाव वाचलं. कल्याणचे चौघं नाहीत. चार गेले, चार आले, आणि मी शहाण्यासारखा दोनदा मोजून 47.

काकांना फोन लावला, बंद. रोमिंगचे पैसे लागतात म्हणून त्यांनी चौघांचे फोन विमानातच फ्लाइट मोडवर टाकायला लावले होते, आदल्या रात्री मलाच अभिमानाने सांगितलं होतं. शेवटी ड्रायव्हरने त्यांच्या डेपोला फोन केला, डेपोने दुसऱ्या ड्रायव्हरला, त्याने त्याच्या टूर मॅनेजरला फोन दिला. अहमदाबादचा मुलगा होता. तो म्हणे, "मेरे तो पूरे हैं सर, दो बार गिना." म्हणलं मीपण दोनदाच मोजलेत. जरा थांबला. मग म्हणाला, "एक अंकल हैं, बार बार पूछ रहे हैं लंडन आय कितने बजे है. मुझे लगा मज़ाक कर रहे हैं."

आता करायचं काय. बस परत फिरवणं शक्यच नव्हतं. तिथे ड्रायव्हरचे तास मोजलेले असतात, साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाची लिमिट वेगळी, आणि गाडीतल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात सगळं रेकॉर्ड होतं, आपल्यासारखं "चल रे जरा ॲडजस्ट कर" चालत नाही. शिवाय 4 वाजता आमची थेम्सवरची क्रूझ बुक होती. त्या मुलाशी बोललो तर कळलं त्यांचाही ग्रुप संध्याकाळी लंडनलाच परत येतोय आणि दोघांचं जेवण वेम्बलीलाच आहे. म्हणलं मग झालं, तुझे चार माझ्याकडे, माझे चार तुझ्याकडे, रात्री अदलाबदल. त्याने सांगितलं, जैन आहेत, बटाटा देऊ नका. तेव्हा भाजी परत का आली ते कळलं. चौघांनी कोरड्या पुऱ्या स्वतःच्या छुंद्याबरोबर खाल्ल्या होत्या आणि एका शब्दाने तक्रार केली नव्हती.

मग मी माइकवर सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. पाच सेकंद शांतता आणि मग अख्खी बस अशी हसायला लागली की ड्रायव्हरने विचारलं काय झालं. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता मी सकाळी राउंडअबाउटला अजून दोन चक्कर मारायला हव्या होत्या. मला काही हसू येत नव्हतं. ऑफिसला कळवायचं होतं, इन्सिडेंट रिपोर्ट लिहायचा होता, आणि सकाळी त्या सिनेमावर मीच पाऊण तास प्रवचन दिलं होतं. ते चौघं मात्र क्रूझवर मजेत होते. सुरतचे दोन भाऊ आणि त्यांच्या बायका. मोठे भाऊ म्हणाले, बाथ काय, सुरतच्या घरात तीन आहेत.

रात्री साडेआठला वेम्बलीला त्यांची बस आली. मी दारात उभा, भाषण तयार, माफी तयार. काका उतरले, हातात थेपल्यांची पिशवी. म्हणलं काका, माझीच चूक झाली. काका मोठ्या आवाजात म्हणाले, "ते राहू दे. बाथ आपल्या प्रोग्राममध्ये नाहीये. मग हे कंपनीने एक्स्ट्रा दिलं की पैसे लावणार?"

हळूहळू कळलं ते असं. काकूंना बसमध्ये चढल्याबरोबर दोन मिनिटांत समजलं होतं. "अहो, ही आपली माणसं नाहीत." काका म्हणाले, गप्प बस, रोटेशन आहे. मुलगा कानात इअरफोन घालून झोपलेला, त्याला वाटलं बाबांना माहितीये. मुलीला कळलं होतं पण त्या बसचं वायफाय चालत होतं आणि आमच्या बसचं चालत नव्हतं, म्हणून ती काही बोलली नाही. हे तिने माझ्या तोंडावर सांगितलं. मधल्या काळात मागच्या सीटवरच्या बायकांनी काकूंना थेपले, खाकरा, मुखवास असं एकेक करत इतकं खायला घातलं की काकूंनी नंतर सांगायचं सोडूनच दिलं. बाथला रोमन काळातली गरम पाण्याची कुंडं बघायला आत जायची तिकिटं ग्रुपची होती, चार डोकी चार तिकिटं, हिशोब जुळला.

"बाथ कसं होतं?" मी विचारलं.

"पाणी गरम आहे, 46 डिग्री, पण हात लावू देत नाहीत. नुसतं बघायचं. आपलं वज्रेश्वरी बरं, आंघोळ तरी होते."

तेवढ्यात सुरतच्या मावशी येऊन काकूंचा हात धरून बसल्या, दोघींची पाच मिनिटांपूर्वीची ओळख, एकीने दुसरीची बस पाहिली एवढंच नातं. कल्याणला यायचं, सुरतला यायचं, पत्ते लिहून झाले. काका आणि मोठे भाऊ कोणाची कंपनी जास्त देते ह्यावर वाद घालत होते, दोघंही आपापलीच कंपनी कशी फसवते ते सांगत होते, मी आणि अहमदाबादचा मुलगा ताटं घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजायचं बंद केलं, नाव घेऊन तोंड बघायचं. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोर काका कॅमेरा घेऊन एका अनोळखी माणसाकडे निघाले होते, चौघांचा एकत्र फोटो काढून दे म्हणायला. मधेच थांबले, वळून माझ्याकडे आले.

"काय रे, त्या सिनेमात पॅरिसला काय होतं?"

म्हणलं, एका माणसाला शूटिंग करायला कॅमेरा देतात, तो ह्यांना कारंज्यात उभं करतो आणि कॅमेरा घेऊन पळून जातो.

काकांनी कॅमेरा पाउचमध्ये घातला, चेन लावली, पाउच शर्टाच्या आत टाकला आणि वरचं बटण लावलं. फोटो मग मीच काढला, माझ्या फोनवर. काढायच्या आधी काकूंनी चौघांची डोकी मोजली.