लाइटीचं जातं

बुधवार, रात्री साडेदहा

आजची अख्खी संध्याकाळ दळणाने खाल्ली. पाच किलो गहू घेऊन गिरणीत गेले तर पुढे सात डबे. गिरणीवाले मामा नुकतेच ज्वारी संपवून गव्हाला लागले होते, म्हणून जरा आशा होती. (‘ज्वारीवर नको हं, गव्हावरच टाका’ हे वाक्य मी शाळेत असल्यापासून म्हणतेय.) तेवढ्यात लाइट गेली. पट्टा फटफटत मंदावला आणि थांबला. इतकी वर्षं या गिरणीत जातेय, पण मामांचा खरा आवाज केवढा बारीक आहे ते आज कळलं. एरवी ते ओरडूनच बोलतात.

कट्ट्यावर एक आजी बसल्या होत्या. त्यांचंच दळण गिरणीच्या वरच्या, दाणे ओतायच्या चाड्यात अडकलेलं. आता वैतागतील असं वाटलं. त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि बोलता बोलताच हेल काढला:

अर्धं झालं दळण, अर्धं चाड्यात ऱ्हायलं दाणं
लाइटीच्या जात्याला रं बापा, येतं का येक तरी गाणं?

शेवटचं ‘गाणं’ चांगलं लांबवलं. मामा हसले तेव्हा भुवईवरचं पीठ गालावर सांडलं.

मी घाईघाईने पर्समधून किराण्याची यादी काढली आणि मागच्या बाजूला लिहायला लागले. दुसऱ्या ओळीत अडले. ‘बापा’ की ‘बाबा’?

“आजी, परत म्हणा ना.”

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

“त्ये व्हय,” म्हणाल्या, आणि म्हटलं ते असं:

अर्धं माझं दळण, सून चुलीशी खोळंबली
लाइटीच्या जात्याची रं बापा, कशी वाचा बसली

“पण हे वेगळंय, आजी.”

“येगळं कसं? त्येच हाय की!”

यावर काय बोलणार! माझ्या हातात पेन, आणि मी पहिलीच ओळ धरून बसलेले.

मग लाइट येईपर्यंत गप्पा झाल्या. माहेरी त्या आणि त्यांची चुलती समोरासमोर बसून दळायच्या, खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने पुढचा चरण उचलायचा, मधेच मूठभर दाणे वैरायचे. ओढताना दम जिथे संपेल तिथे ओळ संपायची. कॉलेजात ओवीचे साडेतीन चरण फळ्यावर पाहिले होते, पण त्यात दम मोजायचा असतो हे बाईंनी सांगितलं नव्हतं. सासरी आल्यावर काय म्हणायचात, असं विचारलं तर आजी इकडेतिकडे बघून म्हणाल्या, “सासूवरची ववी सासू उठायच्या आत म्हणून घ्यायची.”

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यातल्या बऱ्याच मी वाचल्यात, काही तर बायकांच्या आवाजात ऐकल्यात, रात्री अंथरुणात, कानात इयरफोन घालून. ऐकताना दर वेळी वाटायचं की हे सगळं संपलेलं आहे, बरं झालं कुणीतरी जपून ठेवलं. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आता लग्नात हळद दळण्यापुरती बाहेर येतात. ओव्याही त्यांच्याबरोबर गेल्या, असा माझा पक्का समज. आणि आज खुद्द गिरणीतच, तेही गिरणीची थट्टा करत, एक नवी कोरी ओवी कानावर पडली. चाड्यातल्या दाण्यांवरची ओवी जुनी कशी असेल?

लाइट आली. पट्टा धडधडायला लागला आणि आजींचं पुढचं वाक्य त्यात बुडालं. ओठ हलताना दिसले. तिसरी ओवी होती की ‘चल, येते’ म्हणाल्या, काही कळलं नाही.

घरी सासूबाईंनी पीठ चिमटीत चोळून बघितलं. “जाडसर आलंय. घाईत दळलं वाटतं.” मी लाइट गेल्याचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.

किराण्याची यादी फ्रिजवर लावलीय. उलटी.