लेझर बदलला आणि डार्क साइड चारही बाजूंनी वाजला

ऑडिओ रिपेअरिंगमध्ये बंद पडलेले प्लेअर रोजचेच, पण हे काका आले ते चालू प्लेअर घेऊन. म्हणाले, "अरे वाजतंय सगळं, पण पुढच्या दोनच स्पीकरमधून, आणि डिस्कवर तर ५.१ लिहिलंय." ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, आवाज सगळ्या बाजूंनी. प्लेअर सेकंडहँड घेतलेला. डिस्क होती पिंक फ्लॉइडच्या द डार्क साइड ऑफ द मूनची, १९७३ च्या अल्बमची २००३ मध्ये निघालेली हायब्रिड एसएसीडी, म्हणजे एकाच डिस्कमध्ये साधी सीडी आणि सुपर ऑडिओ सीडी दोन्ही.

साधी सीडी टाकली, पटकन वाचली. माझ्याकडची नुसत्या एसएसीडी थराची डिस्क टाकली तर 'नो डिस्क'. इथेच कळलं. हायब्रिड डिस्क १.२ मिलिमीटर जाड, त्यात लेबलाखाली सीडीचा थर आणि मधोमध एसएसीडीचा, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा लेझर मधल्या थरातून आरपार जातो आणि एसएसीडी वाचणारा ६५० वाला तिथूनच परत फिरतो. काकांचा ६५० वाला गेलेला, म्हणून प्लेअर गुपचूप सीडीचा थर वाजवत होता आणि त्यात सराउंड नसतंच. म्हणजे इतके दिवस काकांनी अर्धीच डिस्क ऐकली होती, मला खरंच वाईट वाटलं.

नवीन पिकअप, म्हणजे लेझर बसवलेला भाग, मागवला. त्यावर स्टॅटिकपासून वाचवायला सोल्डरचा बारीक ठिपका असतो, रिबन बसवल्यावरच तो काढायचा, आधी काढला तर लेझर उडायची भीती, त्यामुळे हे काम मी कोणाशी न बोलता करतो. मग सहा चॅनेलच्या सहा आरसीए केबल लावून डिस्क टाकली आणि डिस्प्लेवर 'मल्टी', म्हणजे मल्टीचॅनेल, आलं.

सुरुवातीचे हृदयाचे ठोके, मग ऑन द रनमधली पावलं खोलीभर धावायला लागली आणि टाइमची घड्याळं वाजली तेव्हा काका चक्क मागे वळून बघायला लागले. ती घड्याळं अ‍ॅबी रोड स्टुडिओचा इंजिनीअर अ‍ॅलन पार्सन्सने एका घड्याळांच्या दुकानात रेकॉर्ड केलेली, क्वाड्रोफोनिकच्या, म्हणजे चार स्पीकरच्या आवाजाच्या चाचणीसाठी, म्हणजे चारही बाजूंनी ऐकायचीच गोष्ट ती. लोक एसएसीडीच्या २.८ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगचं कौतुक करतात, पण माझ्या मते इथली खरी कमाल जेम्स गथ्रीच्या ५.१ मिक्सची आहे, फॉरमॅटची नंतर.

द ग्रेट गिग इन द स्काय लागलं आणि आम्ही दोघंही गप्प. शब्द नाहीत, नुसता क्लेअर टोरीचा आवाज, वर चढताना तो फाटायच्या बेतात येतो आणि तिथूनच पुन्हा सावरतो, तेवढं ऐकायला मी ट्रॅक परत लावला. त्या गाण्याचे तिला तेव्हा ३० पाउंड मिळाले होते. काकांच्या पुस्तिकेत संगीतकार म्हणून बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट, एकट्या त्याचंच नाव आहे, कारण टोरीला सहसंगीतकाराचं क्रेडिट मिळालं ते कोर्टात गेल्यावर, २००५ च्या समझोत्यानंतर. हे काकांना सांगितलं तर ते खूप चिडले, "तिच्याशिवाय त्या गाण्यात उरतं काय?" आणि बरोबरच आहे त्यांचं.

दुकान बंद करायची वेळ कधीच टळून गेली होती. पुढच्या वेळी काका विश यू वेअर हिअरची एसएसीडी आणणारेत, तीही गथ्रीच्याच ५.१ मिक्सची, मी त्यांना शनिवारी संध्याकाळी या म्हणलंय, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं.