पाकिटावर फक्त ‘6 इंच’ लिहिलेलं असतं

मेणबत्तीच्या वातींच्या पाकिटावर एवढंच छापलेलं होतं : ‘कॉटन विक, 6 इंच, मेण लावलेली, 50 नग’. सहा इंच ही वातीची लांबी झाली. ती तर कात्रीने कापूनच टाकायची असते. मला हवी होती जाडी, विणीचा प्रकार, मालिकेचं (म्हणजे त्या जातीच्या वातींचं) नाव आणि नंबर. त्यातलं एक अक्षर पाकिटावर नव्हतं. विक्रेत्याला ऑनलाइन विचारलं, ‘ही वात आतून किती रुंदीच्या ग्लासला चालते?’ उत्तर आलं, ‘ऑल साइज, मॅडम.’ त्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि माझे जून-जुलै वाया गेले. अजूनही ते आठवलं की संताप होतो.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. दिवाळीत ओळखीपाळखीत द्यायला काचेच्या ग्लासातल्या सोया (म्हणजे सोयाबीन तेलापासून केलेल्या मेणाच्या) मेणबत्त्या घरीच करायच्या असं ठरवलं होतं. ग्लास रविवार कारंज्यावरून आणले, जाड बुडाचे, आतून सात सेंटीमीटर रुंद. मेण वितळवणं, सुगंध मिसळणं, ओतणं हे पहिल्याच आठवड्यात जमलं. पातेल्यात पाणी, त्यावर दुसरं भांडं, सोबत एक थर्मामीटर. 160 ग्रॅम मेणाला 8 टक्के, म्हणजे 13 ग्रॅमच्या आसपास सुगंधी तेल. त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते सगळं वातीपाशी.

समईत तेल आधीच पातळ असतं, वात ते नुसतं वर ओढते. मेणबत्तीत वातीला आधी मेण वितळवावं लागतं आणि मग ते ओढावं लागतं. वात बारीक पडली तर ज्योतीभोवती तेवढंच मेण वितळतं आणि मध्ये विहीर पडते. जाड झाली तर मेण भराभर वितळतं, ज्योत उंच होऊन धूर सोडते आणि काच तापते. त्यात सोया मेण पॅराफिनसारखं, म्हणजे नेहमीच्या मेणबत्तीतल्या मेणासारखं नाही. पॅराफिनला पुरणारी वात याच ग्लासात सोयाला बहुतेक वेळा कमी पडते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

पहिल्या पाकिटातली वात चार तास जळली आणि वितळलेल्या मेणाचं चार सेंटीमीटर रुंद तळं करून थांबली. दुसऱ्या दिवशी ज्योत त्या विहिरीत उतरली, तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच मेणात बुडून विझली. मला वाटलं मेण खराब आहे. मेण बदललं, तरी तेच. मग वाती कमी पडतील म्हणून त्याच दुकानातून, त्याच नावाचं दुसरं पाकीट मागवलं. ही वात मात्र भसाभस जळली. तीन तासांत तिच्या टोकाला मिऱ्याएवढा काळा गोळा आला, ज्योतीची शेंडी फाटली आणि ग्लासच्या काठाला आतून काळी पट्टी चढली.

सासूबाई फुलवाती वळत शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी काठावरून बोट फिरवून मला दाखवलं आणि म्हणाल्या, “अगं, समईची वात अशी झाली की आपण काजळी झाडतो. हिची का नाही झाडत तू?” तेव्हापासून दर वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापते. मेण गार असताना कापायची, आणि कापलेला तुकडा मेणात पडू द्यायचा नाही. हे फार महत्त्वाचं आहे. पण कापूनही दोन तासांत गोळा पुन्हा यायला लागला, तेव्हा कळलं की दोष माझ्या कापण्याचा नाही.

मग मी दोन्ही पाकिटांतल्या दहा-दहा वाती घेतल्या. खालच्या पत्र्याच्या चकत्या पकडीने काढल्या, वाती उकळत्या पाण्यात टाकून वरचं मेण सोडवलं, दोन दिवस वाळवल्या आणि बारीक वजनकाट्यावर ठेवल्या. लांबी तीच, पाकीट तेच, लेबल तेच, आणि दुसऱ्या पाकिटातल्या वाती जवळपास दीडपट भरल्या. म्हणजे मी दोन महिने एकाच वातीची चाचणी घेतेय असं समजत होते आणि हातात दोन वेगळ्याच वाती होत्या. फोटो पाठवून तक्रार केली. पैसे परत मिळाले. महिने कोण परत देणार?

म्हणून सांगते, पाकिटावर मालिका आणि नंबर नसेल तर कितीही स्वस्त असली तरी ती वात घेऊ नका. सीडी, ईसीओ, एचटीपी, एलएक्स अशा मालिका मिळतात. एका मालिकेचा नंबर दुसऱ्या मालिकेला लावायचा नसतो. सीडी 10 आणि ईसीओ 10 सारख्या जळतील असं धरून चालू नका. मी सीडी घेतली. चपट्या विणीची सुती वात, सोबत कागदाचे बारीक धागे. 8, 10 आणि 12 या तीन नंबरांच्या (नंबर वाढतो तशी वात जाड) थोड्याथोड्या वाती दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवल्या आणि मोगऱ्याच्या सुगंधाचे तीन ग्लास ओतले.

आणि मग चौदा दिवस थांबायचं. सोया मेण ओतल्यावर दोन-तीन दिवसांत कडक दिसतं, पण पुरतं मुरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. आधी पेटवलं तर निकाल फसवा येतो. एव्हाना ऑगस्ट सुरू झाला होता. रोज सकाळी ओट्यावरच्या त्या तीन ग्लासांकडे बघत चहा प्यायचा, दुसरं काही हातात नव्हतं.

पंधराव्या दिवशी तिन्ही एकदम पेटवल्या. पंखा बंद, खिडकी बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलली की धूर येतो आणि वात चांगली की वाईट ते कळत नाही. दर तासाला पट्टीने तळं मोजून वहीत लिहिलं. चार तासांनी 12 नंबरने काठ गाठून तासभर झाला होता, 10 नंबर नुकती पोचली होती, आणि 8 नंबरच्या कडेला चार मिलिमीटर मेण चिकटून राहिलं होतं. मी 8 वर फुली मारली आणि 10 नंबरच्या 50 वाती लगेच मागवल्या.

इथेच मी घाई केली. ज्यांना ही चाचणी करायची आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. पहिल्या दिवशी ग्लास भरलेला असतो, ज्योत काठाजवळ असते, उष्णता वरच्या वर निघून जाते. मेण खाली जातं तशी ज्योत काचेच्या आत उतरते, उष्णता कोंडते आणि तीच वात जास्त जोराने जळायला लागते. रोज चार तास धरले तर एवढा ग्लास संपायला सात-आठ दिवस लागतात. पाचव्या दिवशी 10 नंबरचं तळं दीड सेंटीमीटर खोल झालं, काचेवर काजळी आली, आणि ओव्हनसाठी घेतलेला लेझरचा थर्मामीटर बाहेरून लावला तर 68 दाखवत होता. काच 60 अंशांच्या वर गेली की मी ती वात बाद करते, कारण असा ग्लास कुणीतरी विसरून हातात उचलणारच. 12 नंबर तर मी चौथ्या दिवशीच झाकण ठेवून विझवली होती.

आणि फुली मारलेली 8? कडेचं मेण तिसऱ्या दिवशी आपोआप वितळून खाली आलं. पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी ज्योत शांत, काच स्वच्छ, तळं सेंटीमीटरच्या आत. मला तेव्हा जो आनंद झाला तो शब्दांत मावणार नाही. सासूबाईंना उठवून आणून दाखवलं.

वॅनिलाच्या सुगंधाला मात्र हीच 8 नंबर पुरली नाही, ज्योत बारीक होऊन मिणमिणायला लागली. तिथे मागवून ठेवलेली 10 कामाला आली. तेव्हा ग्लास, मेण, रंग, सुगंध यातलं एक जरी बदललं तरी चाचणी पुन्हा पहिल्यापासून. दोन गोष्टी एकदम कधीच बदलू नका. आणि हो, ग्लासच्या बुडाला ओतल्याची तारीख आणि वातीचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा. माझ्या एका घाण्याची ही पट्टी राहिली आणि ते सहा ग्लास घरीच संपवावे लागले.

तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की पुढे जाळू नका, काच तडकू शकते. ज्यांना मेणबत्ती देते त्यांनाही हे चिठ्ठीवर लिहून देते. नाशिकच्या थंडीत आधीची चाचणी तशीच्या तशी लागू पडत नाही हेही जानेवारीत कळलं. गार खोलीत 8 नंबरला काठ गाठायला आणखी एक दिवस लागला. पण शेवटच्या दिवसापर्यंत काच गार राहिली, म्हणून नंबर बदलला नाही.

कालच वाळ्याचं सुगंधी तेल आलं. 8 आणि 10 नंबरचे दोन-दोन ग्लास ओतून कपाटात वर ठेवलेत, बुडाला पट्ट्या लावून. पंधराव्या दिवशी पेटवेन.